बोंबील मालवणच्या समुद्रात का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव मालवणजवळ, तिथल्या बाजारात ताजा बोंबील जवळजवळ दिसत नाही. नोकरीसाठी वसईला आलात, तर इथे त्याचे ढीग. कुणीतरी सांगितलं की बोंबील मुळात खोल समुद्रातला मासा, त्याला थंड पाणी लागतं, म्हणून तो उत्तरेलाच राहतो आणि त्याचं अंगही त्यामुळेच असं पाणचट असतं. हे कितपत खरं? शिवाय एक उपप्रश्न: बाजारात कधीकधी बोटाएवढे बोंबील येतात, ती वेगळी जात का?

उपप्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: पिल्लं. त्याकडे शेवटी येते. मुख्य प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा. बंदरावर मासळी उतरताना नमुने घ्यायचे, लांबी-वजन मोजायचं, पोट फाडून आत काय आहे ते लिहून ठेवायचं, या कामात माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यातला मोठा भाग बोंबलांत. या माशाची लोक चेष्टाच जास्त करतात, त्यामुळे कुणी त्याच्याबद्दल मनापासून विचारलं की बरं वाटतं.

आधी खोल समुद्राचं पाहू. या समजुतीला थोडा आधार आहे. बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि तेही गंगेच्या मुखाकडच्या माशावरून, मुंबईच्या नव्हे. याच हार्पाडॉन प्रजातीत आणखी काही जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खरोखरच खोल पाण्यात राहतात. भावंडं खोल पाण्यातली, म्हणून हाही तिथलाच, असा सरळ हिशेब लोक करतात. पण आपल्याकडे बोंबील येतो तो डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, आणि डोल लागते साधारण ४० मीटरच्या आतल्या पाण्यात. पावसाळ्यात तर तो खाड्यांच्या तोंडापर्यंत येतो. खोल समुद्रातून खास वर यावं लागेल असा हा मासा नाही, तो उथळातच वाढतो.

आता थंड पाणी. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं, कारण हिवाळ्यात पालघरसमोरचं पाणी केरळपेक्षा काही अंशांनी गार असतं, आणि बोंबलाचा हंगामही पावसाळा संपल्यापासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत जोरात असतो. मीसुद्धा सुरुवातीला तेच धरून चालले होते. मग एक दिवस हा मासा जगात कुठे कुठे मिळतो ते नकाशावर ओळीने मांडून पाहिलं, आणि माझं मत बदललं.

तुम्हीही मनातल्या मनात किनाऱ्याने फिरून या. गुजरातेत जाफराबाद, नवाबंदर, तिथे त्याला बुमला म्हणतात. मग खंभातचं आखात ओलांडा. दमण, डहाणू, सातपाटी, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा, पुढे रायगडचा किनारा. हर्णैपासून खाली तो विरळ होत जातो आणि रत्नागिरीच्या पुढे जवळजवळ संपतो. गोवा, कारवार, केरळ, कन्याकुमारी, तमिळनाडू, एवढ्या लांब पट्ट्यात एखाददुसरा सापडला तर सापडला, त्याच्यावर पोट भरणारी मासेमारी नाही. आणि मग आंध्रच्या उत्तर भागात तो पुन्हा दिसायला लागतो. ओडिशात वाढतो, बंगाल आणि बांगलादेशात तर नित्याचा, तिथे त्याला लोटे, लोइट्टा म्हणतात. मधला सगळा दक्षिण भारत मोकळा.

त्याच्याही पुढे जा. बोर्निओ बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ताराकान म्हणून एक छोटं बेट आहे, विषुववृत्तापासून तीन-साडेतीन अंशांवर. तिथलं पाणी बारा महिने कोमट, तरी बोंबील तिथल्या कोळ्यांचा ओळखीचा मासा आहे. उलट चीनच्या झेजियांग किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी गार होतं, आणि बोंबील तिथेही भरपूर. कोमट ताराकान आणि गार झेजियांग दोन्ही ज्याला चालतात, त्याला केरळच्या पाण्याचं तापमान अडवेल हे मला पटत नाही.

मग या सगळ्या ठिकाणांत सारखं काय? गाळ आणि वाहतं पाणी. खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती उतरतात. बंगालकडे गंगा-ब्रह्मपुत्रा. ताराकान नद्यांच्या मुखांजवळ आहे, झेजियांगच्या वर यांगत्से. सगळीकडे तळ चिखलाचा, पाणी गढूळ, पावसात खारटपणा उतरणारं, आणि भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त.

या ओढीचा अंदाज आकड्यांवरून येईल. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, भावनगरकडे तो दहा मीटरच्याही वर, आणि कोचीला जेमतेम एक मीटर. दुसरं म्हणजे किनाऱ्यापुढचा उथळ भाग. मुंबई-दमणसमोर तो समुद्रात ३०० किलोमीटरच्या आसपास आत गेला आहे, केरळसमोर शंभराच्याही आत. उथळ, रुंद ताटलीत इतकं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, त्यामुळे गाळ खाली बसायला उसंतच मिळत नाही. तुमच्या मालवणला लोक पाण्याखाली बुडी मारून तळ पाहायला येतात. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, आणि खडक, प्रवाळ, नितळ पाणी ही तिथली श्रीमंती. अर्नाळ्याला बोटीच्या कडेवरून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला तर बोटं दिसत नाहीत. एकाच राज्याचा किनारा, पण माशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश.

आता बोंबील हातात घेऊन पाहू, कारण तो कुठे राहतो हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे. अगदी ताजा बोंबील घेतलात तर अंग जवळजवळ आरपार दिसतं, करड्या काचेसारखं. पुढचा अर्धा भाग उघडा, खवलं फक्त मागच्या अर्ध्या भागात. डोळे बारीक आणि पार नाकाच्या टोकाशी. तोंड मात्र डोळ्यांच्या कितीतरी मागपर्यंत फाटलेलं. बाजूने जाणारी रेघ ठळक असते आणि ती थेट शेपटीच्या मधोमध घुसते, त्यामुळे शेपटीला दोन नव्हे, तीन टोकं दिसतात. माशाच्या बाजूची ही रेघ म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणारं इंद्रिय. पाणी एवढं गढूळ असेल तर मोठ्या डोळ्यांचा फारसा उपयोग नाही, आजूबाजूला काय हललं ते कळणं महत्त्वाचं.

मऊपणाबद्दल. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, इतर माशांत ते साधारण सत्तर ते ऐंशी. म्हणूनच दहा किलो ओल्या बोंबलाचे सुकून दीड किलोच्या आसपास उरतात. हाडं नसतात असं जे म्हणतात ते चूक आहे. पाठीचा कणा पूर्ण असतो, सुक्या बोंबलात तो नीट दिसतो, फक्त तो नरम आहे.

इतकं पाणी कशासाठी, याचं उत्तर मला घोळ आणि बोंबील एकाच पाटावर फाडताना सुचलं. घोळ, ढोमी हे मासे फाडले की पाठीखाली हवेची पिशवी मिळते. तेच ते बोत, ज्यासाठी घोळीला सोन्याचा भाव येतो. या पिशवीच्या जोरावर मासा पाण्यात तरंगता राहतो. बोंबलाच्या पोटात हात घाला, बोत नाहीच. त्याच्या चुलतभावालाही नाही. चुलतभाऊ म्हणजे चोर बोंबील. हे नाव कोळ्यांनी दिलं ते किती अचूक आहे बघा, कारण शास्त्रानेही दोघांना एकाच कुळात ठेवलं आहे. चोर बोंबील टणक, खवल्यांनी भरलेला. बोत नाही म्हणून जड, आणि म्हणूनच तो तळावर बसून राहतो आणि वरून कुणी गेलं की झडप घालतो. तो मालवणला मिळतो, केरळलाही मिळतो. बोंबलाने तीच अडचण दुसऱ्या रीतीने सोडवली, असा माझा तर्क आहे. मांस आणि हाड समुद्राच्या पाण्यापेक्षा जड. ते कमी करून अंगात पाणीच भरलं, तर बोताशिवायही मासा पाण्यात अधांतरी राहू शकतो. खोल समुद्रातल्या बऱ्याच माशांनी हाच मार्ग धरला आहे. तेव्हा तुम्हाला ज्याने सांगितलं त्याची नजर चुकली नव्हती, अंग खोल समुद्रातल्या माशासारखंच आहे. फक्त ते तो उथळ, धावत्या पाण्यात वापरतो.

असा मासा प्रवाहाविरुद्ध फार पोहत नाही. त्याची गरजही नाही, कारण त्याचं खाणं प्रवाहाबरोबरच येतं. ते खाणं म्हणजे जवळा, ती अगदी बारीक कोळंबी.

पोटं फाडण्याच्या कामात एक फसगत असते, ती सांगते, कारण त्यावर माझा इथला सगळा युक्तिवाद उभा आहे. डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा एकत्र अडकतात, आणि बोंबील जाळ्यातसुद्धा गिळत राहतो. त्यामुळे पोटात जवळा मिळाला म्हणजे तो समुद्रात खाल्लेला, असं लगेच म्हणता येत नाही. आम्ही पोटातला माल पांढऱ्या ताटलीत पसरून पाहतो. जवळ्याच्या लांब मिशा शाबूत, डोळे काळेभोर, अंग करकरीत, म्हणजे तो जाळ्यातला, हिशेबातून बाद. मिशा झडलेल्या, अंगाचा गुलाबी लगदा झालेला आणि त्यात फक्त डोळ्यांचे काळे ठिपके शिल्लक, तर तो खरा जेवलेला. असं गाळून गाळूनही दरवेळी जवळाच पुढे येतो. त्याच्या जोडीला अंबाड ही दुसरी बारीक कोळंबी, लहान मांदेली, आणि स्वतःचीच पिल्लं. एकदा वीतभर बोंबलाचं पोट टणक लागलं म्हणून कापलं, तर आत त्याच्या निम्म्या लांबीचा दुसरा बोंबील घडी घालून बसवलेला होता. दात आतल्या बाजूला वळलेले आणि आत झुकणारे असतात, त्यामुळे एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही. वलांडीवर सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात ना, ते वाऱ्यात सुटत नाहीत याचं एक कारण हे दातच.

जवळ्याचा पसारा कुठे आहे? गुजरात आणि महाराष्ट्राचा उत्तर किनारा. गाळातलं, नद्यांनी आणलेलं सत्त्व, त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव, त्यावर जवळा, त्यावर बोंबील. ही साखळी जिथे जाडजूड आहे तिथे बोंबील आहे. सिंधुदुर्गाकडच्या नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, खडकातून येतात, गाळ थोडा आणतात. ओढही कमी. जवळ्याचे तसे थवे तिथे बनत नाहीत, म्हणून तुमच्या बाजारात बोंबील नाही.

डोल जाळंही याच पाण्यातून जन्मलेलं आहे. ते मासा शोधत जात नाही. मोठी पिशवी खुंटांना बांधून प्रवाहाकडे तोंड करून ठेवायची, पाणी जे आणेल ते आत. म्हणून डोलकरांचा हिशेब तिथीवर चालतो: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जाळी भरतात, अष्टमीच्या सुमाराला भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी सुस्त पडतं आणि जाळीही. आणि पिशवीतून निघतं काय? जवळा, करंदी, मांदेली, वाकटी, ढोमी, बोंबील. ही यादी म्हणजे प्रवाहाबरोबर हलणाऱ्या जीवांची हजेरीच आहे. मला या माशाचं अर्धं शास्त्र अशा टोपल्या निवडणाऱ्या कोळणींनी शिकवलं. उधाण सरल्यावर बोंबील बारीक येतो का, पावसाच्या पहिल्या फेऱ्यानंतर कुठल्या खाडीत दिसतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आता माझ्या या सांगण्यातल्या कच्च्या जागा. गाळ असला की बोंबील असतोच, असं नाही. केरळात आळप्पुळाजवळ पावसाळ्यात समुद्रात चिखलाचे पट्टे तयार होतात, पाणी पार दाट होतं, मासळीही भरपूर मिळते, पण ती बोंबलांची नसते. माझ्या मते कारण असं की तो चिखल हंगामी आहे आणि तिथे ओढ नाही. बोंबलाला गाळ, जोराची भरती-ओहोटी, नद्यांचं गोडं पाणी आणि जवळा हे सगळं एकत्र आणि वर्षभर लागतं. यातलं कुठलं किती महत्त्वाचं, हे वजनकाट्यावर तोलून सांगता येणार नाही. तापमानाचा काहीच वाटा नाही असंही मी म्हणत नाही. आपल्याच किनाऱ्यावर हंगाम पुढे-मागे होण्यात त्याचा हात असू शकतो. पण दक्षिणेचं दार तापमानाने बंद केलेलं नाही.

हंगामाचंही परिस्थितीवर ठरतं. बोंबील अल्पायुषी, दोन-तीन वर्षांचा मासा. म्हणजे समुद्रात म्हाताऱ्या बोंबलांचा मोठा साठा शिलकीत नसतो, जाळ्यात येणारा बहुतेक माल गेल्या वर्ष-दीड वर्षात जन्मलेला. त्यामुळे पाऊस, जवळा, पिल्लांची जगवणूक यातलं एखादं वर्ष बिघडलं की पुढच्या वर्षी ते लगेच जाणवतं, आणि साधलं की तितक्याच लवकर भरूनही येतं. एका वर्षाच्या टंचाईवरून बोंबील संपला असं म्हणू नये, आणि एका वर्षाच्या सुकाळावरून सगळं ठीक आहे असंही नाही. चार-पाच वर्षं सलग बंदरावर उतरलेल्या बोंबलांची सरासरी लांबी घटत गेली, तर मी काळजी करते. वजनाचे आकडे त्यामानाने फसवे असतात.

आता ते बोटाएवढे बोंबील. मादी वर्षातल्या बऱ्याच महिन्यांत अंड्यांवर असते, एकच ठरावीक वीण नाही, म्हणून पिल्लंही जवळजवळ वर्षभर दिसतात. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, त्यात बोंबलाची १८० मिलिमीटर आहे. नियम योग्यच आहे, आणि मी स्वतः त्याहून लहान बोंबील घरी आणत नाही. पण डोलकराची अडचणही समजून घ्या. जवळा धरायचा तर जाळ्याच्या शेवटची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीकच लागते, आणि त्या बारीक आशीत पिल्लं आपोआप येतात. बोंबील इतका नाजूक की जाळं वर घेताना दाबानेच तो मरतो, निवडून परत टाकला तरी जगत नाही. म्हणून पकडल्यावर दंड करण्यापेक्षा, पिल्लं दाट असतात त्या महिन्यांत बोंबलाच्या डोलीला शेवटची आस मोठी लावायची आणि जवळ्याची डोल मोजक्या जागी ठेवायची, हे मला जास्त उपयोगी वाटतं. जिथे कोळ्यांनी आपसांत ठरवून असं केलं तिथे ते पाळलंही गेलं, हे मी पाहिलं आहे.

ती पिल्लंच आहेत याची खात्री तुम्हाला घरच्या घरी करता येईल. पुढच्या वेळी वसईहून सुका जवळा घेऊन गावी जाल तेव्हा तो निवडताना त्यात काडीसारखे, पारदर्शक, दोन-तीन इंच लांबीचे तुकडे मिळतील. एक काडी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा. तोंड डोळ्यांच्या मागपर्यंत फाटलेलं, जबड्यावर बोट उलटं फिरवलं तर टोचणारे बारीक दात. शेपटी काळ्या कागदावर पसरून उजेडाला धरा. ती न तुटता पसरली आणि मधलं तिसरं टोक दिसलं, तर तो बोंबीलच.